आठवडे मोजणारी डबी

"वेळ बघ," नाना म्हणाले, "सेकंदाचाही फरक नाही. वारही बरोबर आहे. तारखेचं तेवढं काहीतरी बिनसलंय."

गॅलरीतल्या टेबलावर काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक निळा पडदा उजळला होता. त्याच्या तारा एका छोट्या बोर्डात गेल्या होत्या आणि बोर्डातून निघालेली काळी वायर खिडकीच्या गजाला चिकटलेल्या चपट्या डबीपर्यंत. ती डबी म्हणजे त्या महिन्यातली नानांची नवलाई. गाडी कुठे आहे ते सॅटेलाइटवरून सांगायला ती कुठल्याशा ट्रकवर बसवलेली होती. ट्रक मोडीत निघाला आणि डबी भंगारवाल्याकडून किरकोळ पैशांत नानांच्या पिशवीत आली.

नाना, माझे वडील, रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्तीनंतर बाकीची मंडळी सकाळी फिरायला जायला लागली, नाना मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला शिकले. घरात पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजायची, तुळशीची माती सुकली की दिवा लागायचा. "लोक रिटायर झाले की देवाला लागतात," आई म्हणायची, "आमचे भंगाराला लागले." आता त्यांना जगातलं सगळ्यात बिनचूक घड्याळ करायचं होतं. ज्यानं जन्मभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्या त्याला दुसरं काय सुचणार?

मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी रोज तासभर डोकावायचे. माझं घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्या दिवशी माझ्यापाठोपाठ आईही हात पुसत गॅलरीत आली आणि पडद्यावर वाकली.

"गुरुवार. एकतीस जुलै," तिनं वाचलं. बाहेर मार्च चालू होता आणि भुसावळचं ऊन आत्ताच डोळे वटारायला लागलं होतं. मी हसले. आई हसली नाही. तारखेपुढचं साल तिनं मनातच वाचलं आणि पदराला हात पुसता पुसता थांबली.

"हर्षलची दहावी ही," ती म्हणाली.

हर्षल माझा मोठा भाऊ. त्या सालच्या दिवाळीनंतर महिनाभरात तो गेला. मी तेव्हा सातवीत होते. सकाळी मी शाळेत गेले तेव्हा तो अंथरुणात पोट धरून पडला होता, संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेलं आणि पहाटे नाना एकटेच घरी आले. अपेंडिक्स फुटलं होतं. फोटो हॉलमध्ये होता, वर्षश्राद्धाला हार चढायचा. पण त्या एका दिवसाबद्दल आई आणि नाना एकमेकांशी बोललेले मी कधी ऐकले नाहीत. आमच्या घरातली ती एक खोलीच होती म्हणा, जिला कुलूप लावून दोघांनी किल्ली फेकून दिली होती.

"जुनी चिप आहे ना," नाना घाईघाईनं सांगायला लागले. "सॅटेलाइट काही साल सांगत नाही. तो नुसते आठवडे मोजतो. हजाराच्या जरा वर आठवडे गेले की त्याचा काटा परत शून्यावर येतो, आपल्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आला होता तसा. नव्या चिपला ते समजतं. ह्या बिचारीला वाटतं आपण अजून मागच्याच फेऱ्यात आहोत. म्हणून एकोणीस-वीस वर्षं मागे दाखवते. पूर्ण आठवड्यांचा फरक, म्हणून वार तेवढा चुकत नाही."

"म्हणजे तो गुरुवारही गुरुवारच होता?" आईनं विचारलं.

"हो."

नाना स्क्रू ड्रायव्हर उचलून म्हणाले, "उद्या करतो दुरुस्त."

"राहू द्या ना थोडे दिवस," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

थोडे दिवस म्हणता म्हणता आईची दुसरी दिनदर्शिका सुरू झाली. सकाळचा चहा घेऊन ती गॅलरीत यायची, तारीख वाचायची आणि मग कामाला लागायची. आधी मला गंमत वाटली. उन्हाळा तोंडावर आलेला आणि आई सांगतेय, आज श्रावणातला शुक्रवार, आज हर्षलनं पुरणपोळी नको म्हणून शेवभाजी मागितली होती. आज त्यानं सायकलचं चाक आठच्या आकड्यासारखं करून आणलं होतं. आज त्याला सहामाहीत गणितात कमी मार्क पडले आणि ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. यातलं काही काही त्या वर्षीचं नव्हतंच. सायकल आठवीत मोडली होती, मला पक्कं आठवतं, कारण तिच्या दांडीवर मी बसले होते. पण मी काही बोलले नाही. आईच्या आवाजात मला कित्येक वर्षांनी हर्षलचं नाव ऐकू येत होतं, आणि मलाही ते हवं होतं.

मग जून आला. शाळा उघडायच्या तोंडावर एका शनिवारी मी गेले तर दारात पणती. घामानं पाठ चिकटत होती, पंखा गरम वारा फेकत होता आणि आई चकल्या तळत होती. शेजारच्या झोपेकाकू फाटकातून विचारत होत्या, "काय हो फेगडेबाई, आज काय विशेष?" आई म्हणाली, "काही नाही, खाव्याशा वाटल्या."

मी गॅलरीत जाऊन तारीख बघितली. त्या सालचं लक्ष्मीपूजन. दिवाळीनंतर काय येणार ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. आत्तापर्यंत मागे पडलेलं ते घड्याळ आता त्या दिवसाच्या दिशेनं चालत होतं आणि आई त्याच्या बोटाला धरून चालली होती. त्या दिवशी पोहोचल्यावर ती काय करेल? तिथंच बसून राहिली तर? या विचारानं मला भीती वाटायला लागली.

त्याच आठवड्यात एका दुपारी आई आत पडली होती. मी खिडकीतली डबी काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा उमटल्या. पाच मिनिटांत आई बाहेर आली. रेघा बघितल्या, माझ्याकडं बघितलं. खण उघडून डबी काढली, फडक्यानं पुसली आणि परत गजाला चिकटवली.

"आकाश दिसलं की येतं त्याला," ती म्हणाली. "थोडा वेळ लागतो."

"आई, पुरे आता हे."

"मी वेडी नाही झाले, चेतना. आज कुठला महिना चालू आहे ते मला कळतं. दूधवाल्याला विचार, ह्याच महिन्याचे पैसे काटून राहिले त्याचे, तीन दिवस आला नाही तो."

"मग हे कशासाठी?"

ती पडद्याकडं बघत राहिली. पडद्यावर आकडे परत आले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तेवढं मात्र मला दिसलं.

आता नानांनाच गाठायचं ठरवलं. ते अंगणात स्कूटर पुसत बसले होते. स्कूटर जुनी, हर्षलच्या वेळची. ती चालत कमी आणि पुसली जास्त जायची.

"नाना, ते घड्याळ दुरुस्त करा."

"बघतो. जुनी चिप आहे, सहज होत नाही."

"सॅटेलाइट इंग्लंडची वेळ देतो म्हणाला होतात ना तुम्ही? त्यात साडेपाच तास मिळवले तुम्ही, तेव्हा आपली वेळ आली. मग साडेपाच तास मिळवता येतात तर आठवडे का मिळवता येत नाहीत?"

नानांचं फडकं थांबलं. गणित मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

"येतात," ते म्हणाले. "प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम आहे."

"मग आईचे हे हाल बघत का बसलात? त्या दिवशी तिनं काही बरंवाईट केलं तर?"

"नाही करणार."

"कशावरून?"

"मी घरी असेन." ते पुन्हा पुसायला लागले, जिथं पुसून झालं होतं तिथंच. "त्या दिवशी मी लाईनवर होतो, चेतना. सिग्नल बंद पडला होता. घरी आलो तेव्हा अंधार झाला होता. मला तो दिवस एकदा घरी काढायचाय. तू मला येडा म्हण, पण ती ओळ मी लिहिणार नाही. तो दिवस होऊन जाऊ दे."

म्हणजे एक नाही, दोघंही त्या घड्याळाच्या मागे चालले होते. आणि मजा म्हणजे दोघांनी एकमेकांना सांगितलेलं नव्हतं. मी चिडले. तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार आहात असं काहीतरी बोलले आणि चहा न घेता घरी आले. रात्री रडले, तेही सांगून टाकते.

हर्षलला दवाखान्यात नेलं होतं तो बुधवार जुलैत आला. मी शाळेत रजा टाकली आणि सकाळीच आईकडं गेले. आभाळ भरलेलं, हवेत चिकचिकाट. माझ्या पर्समध्ये झोपेच्या औषधाची एक गोळी होती, डॉक्टरांना विचारून आणलेली. आई ओरडली, पडली, काहीही झालं तर मी तयार होते.

आई तयार होती वेगळ्याच गोष्टीला. बाहेर जायची सुती साडी, केस विंचरलेले, हातात पिशवी. पिशवीतून लोकरीची शाल डोकावत होती. घड्याळात नोव्हेंबर संपत आला होता ना. थंडीचे दिवस. दारात स्कूटर उभी, तोंड रस्त्याकडं, आणि नाना पॅन्ट-शर्ट घालून तिच्याजवळ उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

आई उंबऱ्यात आली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"तुम्ही कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"कुठं नाही. घरीच आहे मी आज." नाना म्हणाले. "तू?"

आईनं गॅलरीकडं मान वळवली. पडद्यावरची वेळ तिथून दिसत नव्हती, पण तिला ती बघायची गरज नव्हती.

"आत्ता म्हणाला होता तो," ती म्हणाली. "आई, पोट दुखतंय. त्याची गणिताची चाचणी होती त्या दिवशी. मला वाटलं, तेवढ्यासाठीच. मी ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं. दुपारी ताप चढला तरी मी वाट बघत बसले." तिनं पिशवी खांद्याला लावली. "आज वाट नाही बघायची. चला."

नानांनी काही विचारलं नाही. किक मारली. एरवी दहा वेळा मारून न उठणारी ती स्कूटर त्या दिवशी दुसऱ्याच किकला उठली. आई मागे बसली, पिशवी दोघांच्या मध्ये. एका माणसाची जागा राहील एवढं अंतर तिनं मध्ये सोडलं होतं. मी माझी गाडी काढून त्यांच्यामागे निघाले. काय करावं ते कळत नव्हतं. रस्त्यात हाका मारून थांबवावं असंही वाटलं, पण त्यांच्या पाठी बघून मागेच राहिले.

बाजारपेठेचा चौक, पुलाखालचं वळण, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. आणि दवाखान्याचं फाटक आलंसुद्धा. नानांनी गाडी लावली. आई उतरली आणि मागे वळून आलेल्या रस्त्याकडं बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

नाना स्कूटरची किल्ली काढत होते.

"अहो, एवढंच लांब होतं हे?"

"एवढंच," नाना म्हणाले.

रोजच्या जाण्यायेण्यातला रस्ता तो. भाजीला, लग्नकार्याला, बँकेत, शंभर वेळा आई त्या फाटकावरून गेली असेल. पण घरातून निघून थेट तिथं, मध्ये कुठेही न थांबता, ती त्या संध्याकाळनंतर बहुधा पहिल्यांदाच आली होती. तेव्हा हर्षलचं डोकं मांडीवर घेऊन ती रिक्षात होती, तिला रस्ता दिसला नसणार.

ती आत गेली. आम्ही मागे. केसपेपरच्या खिडकीशी चार माणसं होती, ती शांतपणे रांगेत उभी राहिली. मी तिचा दंड धरला, तिनं सोडवून घेतला. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"हर्षल पुंडलिक फेगडे."

"वय?"

"सोळा."

मुलीनं लिहिलं. मग वर बघितलं, आईला, नानांना, मला. "पेशंट कुठंय?"

मागच्या माणसानं घसा खाकरला. मला वाटलं आता ती कोसळणार. मी पुढं सरकले.

"नाही आणला," आई म्हणाली. "आणायला पाहिजे होता."

तिला ओळीतून बाजूला घेऊन आम्ही भिंतीच्या बाकावर बसवलं. ती रडत नव्हती. मांडीवर शाल घेऊन बसली होती. नाना तिच्या शेजारी टेकले. समोरून स्ट्रेचर गेलं, कुणाचं तरी तान्हं बाळ रडत होतं. नाना जमिनीकडं बघत म्हणाले,

"तुला एक सांगायचंय. आज सांगतो, नाहीतर कधीच नाही सांगणार. त्यानं आधी मला सांगितलं होतं. मी बूट घालत होतो. नाना, पोटात लई दुखतंय, म्हणाला. माझी गाडी सुटायची होती. मी म्हटलं, आईला सांग. आणि गेलो." त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. "तू इतकी वर्षं स्वतःला खात बसलीस. मला माहीत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. तुझ्या एकटीच्या डोक्यावर राहू दिलं."

नाना, माझे नाना, ज्यांनी सिग्नलच्या एका दिव्यासाठी रात्र रात्र जागून काढली ते! मी आईकडं बघायचं धाडस करत नव्हते.

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

नानांनी मान वर केली.

"त्यानंच सांगितलं होतं तेव्हा. नानांनी तुला सांगायला सांगितलंय, म्हणाला. मी म्हटलं, नाना आले की बघू." ती शालीची किनार बोटांत फिरवत होती. "तुम्ही माझ्यावर सोडलं. मी तुमच्यावर. पोरगं आपलं ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? तुम्हाला बोलले असते तर माझं कमी झालं असतं का?"

नाना रडायला लागले. दवाखान्याच्या बाकावर, भर गर्दीत, सत्तरीला आलेला माणूस तोंडावर हात न घेता रडत होता. जाणारे येणारे बघत होते. दवाखान्यात रडणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. आईनं पिशवीतून शाल पूर्ण काढली, झटकली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. जुलैच्या त्या उकाड्यात नाना शाल पांघरून बसले होते आणि काढायचं नाव घेत नव्हते.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. आईनं पिठलं-भात टाकला. तिघं जेवलो. माझ्या पर्समधली गोळी तशीच होती. मला वाटत होतं आता काहीतरी बोललं जाईल, दोघांनी एकमेकांना माफ केलं वगैरे. तसं काही झालं नाही. आईनं नानांना भात वाढला तेव्हा तूप घेऊ का म्हणून त्यांनी विचारलं, ती म्हणाली, घ्या.

जेवण झाल्यावर आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. घड्याळ आपलं चाललं होतं. सेकंद सरकत होते, बिनचूक. त्या सालच्या हिशोबानं हर्षल अजून पोट धरून आत पडलेला होता, आणि संध्याकाळ व्हायची होती.

"अहो," तिनं हाक मारली. "ते सारखं करा आता."

नाना हात पुसत आले. "आत्ता? आजचा दिवस संपू दे की."

"नको. संध्याकाळ नको मला. आणि उद्याचाही दिवस नको. ह्याच्या पुढचे दिवस मला सगळे पाठ आहेत."

नानांनी लॅपटॉप उघडला, वायर जोडली. एक ओळ लिहायला त्यांना वेळ लागला, दोनदा खोडून परत लिहिली. मी जवळ बसून आठवड्यांचा आकडा सांगितला. मग त्यांनी बटण दाबलं. पडदा विझला, आणि क्षणभर नुसत्या रेघा. आई पदर मुठीत धरून उभी होती.

आकडे आले. जुलै. चालू साल. आईनं वाकून तारीख वाचली, मग साल, मोठ्यानं. मग खालची ओळ वाचली.

"बुधवार," ती म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला बसली.